लोखंडी पुलाचे दोन रिपोर्ट

कॅप्टन असताना माझं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरी भागात, बटालियनचा इंटेलिजन्स ऑफिसर म्हणून झालं. इंदूरला घरी फोन केला तेव्हा आईला वाटलं, मुलगा आता वेष बदलून हिंडणार. प्रत्यक्षात मी पत्र्याच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या वाचायचो आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचो.

प्रत्येक बातमीला एक अक्षर आणि एक आकडा द्यायचा. अक्षर बातमी आणणाऱ्या माणसासाठी, आकडा खुद्द बातमीसाठी. दोन्ही वेगळे तोलायचे, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट आणतो. तीच बातमी दुसऱ्या, स्वतंत्र माणसाकडून आली तर ती पक्की धरायची.

माझ्या सेक्शनला हवालदार भेरूलाल होते. इंदूरजवळच्या हातोदचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. रिपोर्ट वाचताना ते ओठ हलवत आणि प्रत्येक ओळीवर थांबत.

त्या दिवशी ०९१० वाजता दोन रिपोर्ट टेबलावर होते. एक आमच्या सोर्सचा, म्हणजे खबऱ्याचा; तो लाकडाचा ठेकेदार होता. दुसरा शेजारच्या बटालियनचा. मजकूर एकच: वरच्या वस्तीतल्या शेवटच्या घरात चार हत्यारबंद माणसं, दुपारपर्यंत तिथेच. नाल्याची वाट मोकळी, लोखंडी पूल ओलांडून जावं.

भेरूलाल म्हणाले, "सर, लोहे का पुल तो पिछले साल बह गया. अब लकड़ी का है."

"मग?"

"एक आदमी गलत बोले, समझ में आता है. दोनों एक ही गलती कैसे करेंगे? मुझे तो ये एक ही आदमी लगता है. और उसने पुल नहीं देखा, तो घर कब देखा?"

मी शेजारच्या बटालियनच्या इंटेलिजन्स ऑफिसरला फोन लावला. "तुम्हारा सोर्स लकड़ी का ठेकेदार है क्या? बस इतना बता."

तो म्हणाला, "फोन पे नहीं."

१०४० ला बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरनी, सीओंनी बोलावलं. "इंडिपेंडंट कन्फर्मेशन है? येस ऑर नो?"

"सर, पुलाबद्दल एक डाउट आहे."

सीओ सांगलीकडचे. मराठीतच म्हणाले, "डाउट तुला रोजच असतो. येस ऑर नो?"

त्या महिन्यात मी दोन बातम्यांवर शंका घेतली होती आणि दोन्ही खऱ्या निघाल्या होत्या. मेसमध्ये त्यावरून थट्टा चालायची. मी म्हणालो, "येस सर."

भेरूलालनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "मैं साथ जाता हूँ सर. पुल पे पहले मैं देख लूँगा."

११५० ला बारा जणांची पार्टी निघाली. मी वायरलेस सेटजवळ बसलो. १३२५ ला भेरूलालचा आवाज आला.

"पुल पे हूँ. लकड़ी का है. सामने की ढलान ठीक नहीं लग रही. पार्टी पीछे मोड़ पे रोक दी है. ओवर."

"वहीं रुको. आगे कोई नहीं जाएगा. ओवर."

उत्तर आलं नाही. फायरिंगचा आवाज सेटवरही आला आणि दरीतूनही.

१४१० ला पार्टी कमांडर बोलला. "एक कॅज्युअल्टी. हवालदार भेरूलाल. बाकी सब ठीक. ओवर." मी वेळ लिहून घेतली. वेळेपुढे 'मृत, एक' असं लिहिलं.

वस्तीतलं ते घर रिकामं निघालं. पुलासमोरच्या उतारावर मात्र माणसं आधीपासून दबा धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी शेजारचा ऑफिसर स्वतः आला. त्यांचा सोर्स म्हणजे आमचाच ठेकेदार, वेगळ्या नावाने. त्याने जाणूनबुजून आम्हाला तिकडे पाठवलं, की कुणीतरी सांगितलेलं दोन दारी पोचवलं, हे कधीच कळलं नाही. तो त्या भागात पुन्हा दिसला नाही.

चौकशीत लिहिलं गेलं की उपलब्ध माहितीनुसार मूल्यमापन योग्य होतं. त्या वाक्याने माझी नोकरी वाचली. पण मला ते पटत नाही. पुलाची चूक माझ्या टेबलावरच्या कागदात होती, म्हणजे माहिती उपलब्ध होती.

पुढे मी काही वर्षं महूला लष्करी शाळेत नव्या ऑफिसरांना हेच शिकवलं, नावं न घेता. रिटायर होऊन इंदूरला आलो तरी हातोद टाळत राहिलो. घरापासून अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता. गेल्या हिवाळ्यात गेलो.

भेरूलालच्या पत्नी गीताबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. "भाभी, उनने मना किया था. सीओ को 'हाँ' मैंने बोला."

त्यांनी लसूण बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलतोय की मन हलकं करायला आलोय, हे बहुधा त्या तपासत होत्या.

मग म्हणाल्या, "इत्ते साल लगे आपको." आणि थोड्या वेळाने, "घर में भी ऐसे ही थे. दूधवाले से भी तीन बार पूछते, पानी तो नहीं मिलाया."

त्या किंचित हसल्या. मला हसता आलं नाही.

हवालदार भेरूलाल, राहणार हातोद. त्यांनी बातमीवर शंका घेतली होती आणि ती बरोबर होती. त्यांनी मागे थांबवलेली अकरा माणसं घरी परतली. सरकारी कागदात अकरा माणसांचं वाक्य आहे. त्याच्या आधीचं, शंकेचं, नाही.