कागदावरची दोन वर्षं

लाफाएलेचं पोट दुखायचं ते कायम उएलेसेच्या नावानं. चुलतभाऊ त्याच्याहून दोन महिन्यांनी मोठा, एवढाच काय तो फरक. पण उएलेसेला बाप होता आणि लाफाएलेचा बाप समुद्रानं नेला होता. मोठे काका, आनिसे, म्हणजे उएलेसेचे वडील, घराण्याचे प्रमुख. पुतण्याला ताटात कमी पडू दिलं नाही त्यांनी, हे खरं. पण पाठीवर हात फिरायचा तो पोराच्याच.

एकदाच पारडं फिरलं. न्यूझीलंडच्या सफरचंदांच्या बागांत मजूर हवे होते, आणि अठराच्या आतलं पोर तिथं चालत नाही. लाफाएले सोळाचा, पण अंगानं रेडा. उएलेसेच्या जन्माची नोंद होती, लाफाएलेची राहूनच गेलेली. काकांनी कचेरीत शपथेवर सांगितलं, "अठरा पूर्ण." प्रमुखाच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्या दिवशी उएलेसे जळला आणि लाफाएलेला आठवडाभर गोड झोप लागली.

पासपोर्ट यायच्या आत दोघांनी अक्कल पाजळली. बिअरसाठी पाटी नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान फोडलं, आणि तो आडवा आला तसा त्याचा हात मोडला.

उएलेसे सोळाचा, म्हणून त्याचं प्रकरण बंद खोलीत चाललं. पाद्री आले, आईबाप आले, पाटीही आला. ठरलं काय, तर वर्षभर चर्चच्या आवारातलं गवत काढायचं आणि रात्री घरी झोपायचं. लाफाएले कागदावर अठराचा, म्हणून त्याला उघड्या कोर्टात, मोठ्या माणसांच्या रांगेत उभं केलं. त्यानं काकांकडे पाहिलं. खरं सांगितलं तर खोटी शपथ काकांच्या अंगाशी येणार होती. काका पायांकडे बघत राहिले. आई फेतूनं तोंड उघडलं आणि मिटलं. मायलेकांच्या डोक्यावरचं वेगळं छप्पर काकांनीच दिलेलं होतं. आणि चार लोकांत प्रमुखाला खोटं पाडणारा पुतण्या त्या बेटावर अजून जन्मायचाय.

वर्षभराची कैद झाली.

आत त्याला कसला हेवा वाटावा? गवताचा! ऊन चढलं की वाटायचं, उएलेसे आत्ता चर्चमागे वाकला असेल, काकू नारळपाणी घेऊन गेली असेल. आई भेटीला भाजलेला तारोचा कंद घेऊन यायची.

"उएलेसे फार बदलला रे. रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

"करेल की. घरी बसून काय जातंय त्याचं? त्याचं नाव काढायचं असेल तर येऊ नकोस तू."

तो सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं त्याला हलवलं. "लाफा, ऊठ! बाहेर बघ."

दारासमोर मोठे काका जमिनीवर बसले होते, डोक्यावरून घराण्याची सगळ्यात बारीक विणीची चटई घेऊन. शेजारी उएलेसे. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात असंच बसायचं, त्यानं चटई उचलेपर्यंत; उचलली की माफी, ही बेटाची रीत. पण प्रमुख पुतण्याच्या दारात? अर्धं गाव गोळा झालं.

"मी खोटी शपथ घेतली," काका चटईखालून मोठ्यानं म्हणाले. "हा पोर होता. आज कचेरीत जाऊन मी तेच सांगणार आहे. होईल ती शिक्षा होऊ दे."

"उचल बाबा," आई कुजबुजली. "म्हातारा माणूस आहे."

लाफाएलेनं काकांचे शब्द ऐकले होते. वर्षभर तो त्या शब्दांचीच वाट बघत होता. पण त्याची नजर चटईच्या कडेला अडकली होती. तिथं काकांचा हात दिसत होता, उएलेसेच्या पाठीवर. इथंसुद्धा त्याच्याच पाठीवर!

लाफाएले पुढं गेला. चटईची एक कड उचलली. "तू ऊठ," तो भावाला म्हणाला. "घरी जा."

उएलेसे रडत उठला. काका उठू लागले, तसा लाफाएले म्हणाला, "तुम्ही नाही."

तो भावाच्या जागेवर बसला आणि चटई पुन्हा दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. सतरा वर्षांचा होता तो.

"हात ठेवा," तो म्हणाला.