उलटा त्रिकोण

मुलगी बघायला आलेले लोक काय काय करायला लावतात याचा मला तोवर चांगलाच अनुभव आला होता. कोणी गाणं म्हणायला सांगे, कोणी चालून दाखवायला, एका बाईंनी तर खरी की खोटी म्हणून माझी वेणी ओढून पाहिली होती. ऐंशीच्या दशकात आमच्या मसुऱ्याला यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटे, ते तोंडावर दिसे आणि म्हणून माझं जमत नसे. निदान आईचं म्हणणं तसं होतं.

मग विजयदुर्गाकडचं स्थळ आलं. मुलगा कणकवलीला कचेरीत, वडील निवृत्त हेडमास्तर. मुलगा मला आवडला, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? अंगणात तो पाय धूत असताना आमच्या वासराने त्याचा रुमाल चघळायला घेतला, तर हा रुमाल सोडून वासराशीच गप्पा मारत उभा राहिला. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, देवा, एवढं जमू दे.

पोहे आल्यावर मास्तरांनी घसा खाकरला. मी गाण्याच्या तयारीत होते. पण त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "या आकृतीत एकूण त्रिकोण किती, सांग पाहू."

मला हसूच फुटलं. चौथीच्या स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांच्या मी शिकवण्या घेत असे. बुद्धिमत्ता चाचणीच्या आकृत्या, म्हणजे पुढची आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल, गटात न बसणारी कोणती, हे सगळं माझ्या रोजच्या जेवणाखाण्यातलं. पुठ्ठ्यावर एक मोठा त्रिकोण होता, त्याच्या पोटात सोळा छोटे. चार छोटे जुळले की त्यांचा पुन्हा तसाच मोठा होतो, नऊ जुळले की त्याहून मोठा. असं त्रिकोणात त्रिकोण बघत गेलं की डोळ्यांना नाद लागतो. माझी पोरं यात एकाच ठिकाणी फसायची. बूड टेकून बसलेले त्यांना भराभर दिसत, पण चार छोट्यांचा मिळून झालेला एक त्रिकोण अगदी मधोमध डोक्यावर उभा असतो, तो सुटायचा. उपाय सोपा, कागद फिरवायचा.

मी पुठ्ठा फिरवला, मोजले आणि म्हणाले, "सत्तावीस."

"सव्वीस," मास्तर प्रसन्न हसले. "पण पुष्कळच जवळ आलीस. आमच्या गुरुजींनी आम्हाला घातलेलं कोडं आहे हे. मी जन्मभर प्रत्येक वर्गाला घातलं."

"पण सत्तावीसच आहेत. एक उलटा..."

दाराआडून आईने डोळे वटारले. बाबा घाईघाईने म्हणाले, "सव्वीसच असतील, मास्तर. चहा घ्या." मास्तरांनी पुठ्ठा पिशवीत घातला. त्यांचं हसू मावळलं होतं. मुलगा बशीतल्या पोह्यांकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान वर केली नाही. बिचारा संकोचला असेल असं मी स्वतःला समजावलं.

पाहुणे गेल्यावर आईने तोफ डागली. "एका त्रिकोणान तुझां काय अडलेलां गो?" मी परसात जाऊन रडले. त्रिकोणासाठी कोण रडतंय? मला तो माणूस हवा होता.

आठवडाभर काहीच कळलं नाही. आणि एका सकाळी निरोप नाही, मध्यस्थ नाही, बापलेक थेट अंगणात! मास्तरांच्या हातात तोच पुठ्ठा, मधला उलटा त्रिकोण लाल शाईने गिरवलेला. पडवी चढायच्या आधीच ते बोलले, आणि या खेपेला त्यांची पुस्तकी मराठी घरीच राहिली होती. "तुझां बरोबर होतां गो. मी चुकलंय. माका अशीच सून व्हयी."

आई साखर आणायला धावली. बाबांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. मोठ्यांनी आम्हा दोघांना विहिरीकडे बोलायला पाठवलं. मी आनंदात होते, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला कधी दिसला हो तो उलटा?"

"माका? शाळेत असतानाच गावलेलो," तो हसत म्हणाला.

"मग सांगितलं नाहीत?"

"बाबांका कोण सांगतलो? सव्वीस म्हणूचां आणि सुटूचां."

गंमत सांगावी तसं सांगितलं त्याने. म्हणजे मी एकटी सत्तावीस सत्तावीस करत होते, माझे आईबाप शरमेने अर्धे झाले होते, तेव्हा मी खरं बोलतेय हे या माणसाला ठाऊक होतं आणि तो पोहे खात होता. त्या घरात माझं काय होणार ते मला तिथेच, विहिरीच्या काठावर दिसलं. फार वाईट वाटलं. तो तेव्हाही आवडतच होता.

आत येऊन मी नाही म्हणाले. आईच्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली. बाबा संतापले. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "उत्तर दिलंस. आता रीत सांग."

रीत मागितल्यावर माझ्याच्याने लपवणं होईना. सांगितलं सगळं.

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली. त्या लाल शाईच्या त्रिकोणावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "सत्तावीस लिवणाऱ्या पोरांका मी फुली मारी." ते उठले, माझ्याकडे बोट करून बाबांना म्हणाले, "चेडवाक रागावू नकात," आणि पायऱ्या उतरले. मागोमाग मुलगा.

अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी ते थांबले. मला वाटलं, आता याच्या थोबाडीत बसते. पण त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या हळू विचारलं की आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

"आणखी काय काय म्हायत आसा रे तुका, जां तू माका कधी सांगूक नाय?"