न ऐकू आलेली खडखड
सकाळी एखादी गाडी सुरू होताना इंजिनात खडखडली, की मला आमच्या दारातला तो बंद पडलेला ट्रक आठवतो. वडील वीस वर्षं एमआयडीसीत टॉवेल विणायच्या यंत्रमागावर, त्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात कामाला होते. ते काम सोडल्यावर त्यांनी हा जुना छोटा ट्रक घेतला होता. त्या दिवशी स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. मेकॅनिकनं झाकण उघडलं आणि आतली तेलकट टायमिंग चेन बोटानं हलवून दाखवली. "लई सैल झालीया. दात सोडून सरकली, म्हणून व्हॉल्व्ह अवेळी उघडत्यात. मालक, रोज सकाळी खडखड येत असंल की?" "न्हाय, कसलाच आवाज नव्हता," वडील ठामपणे म्हणाले. मी तर तो आवाज कित्येक महिने स्वयंपाकघरातून ऐकत होते. जुनी गाडी अशीच वाजते, असं समजत होते. मेकॅनिकनं त्यांच्या पाठीमागून पुन्हा तेच विचारलं. ते वळलेसुद्धा नाहीत. त्यांना ऐकूच येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. हाकेला ओ देत नाहीत म्हणून आदल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर ओरडले होते, "तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं!" आता माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. ओशाळं हसत ते म्हणाले, "माग सुटला, पर कानातला काय बंद हुईना बग." मी खाली मान घालून हळूच म्हणाले, "चुकलं माझं, आण्णा." त्यांनी मान हलवली, पण तशी मान ते कुणीही काही बोललं तरी हलवायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं ते वाक्य त्यांना ऐकू गेलं होतं का, हे मला अजूनही माहीत नाही.