आधी झोपून दाखवा

“भाव मंग सांगजा! आधी वर चढा अन् झोपून दाखवा!”

बाई बुटीबोरीच्या फाटकात अशा कडाडल्या की कारखान्याच्या भोंग्याला कमीपणा वाटला असेल. दरडावणं मलाच होतं. इतवारीत माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. मालमत्ता म्हणजे एक ट्रेलर, ड्रायव्हर रामदास आणि माझं पोट. हे काम हुकलं तर ट्रेलर विकायचा, असं घरी ठरलेलं.

कारखान्याचे कंटेनर समुद्रावरच्या बंदरातून कोणी उचलायचे, ते बाई ठरवत. फिटनेस, विमा, ड्रायव्हरचा बंदराचा पास, कंटेनर जखडणारी चारही कुलपं, सगळं बघून झालं. बंदराच्या गेटवरून परत फिरेल अशी गाडी त्यांना चालत नसे. पण शेवटची परीक्षा त्यांची स्वतःची: मालकानं ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर झोपून दाखवायचं.

चढलो. फळीवर ताडपत्री, स्टोव्ह, दोरखंड आणि संत्र्यांचं पोतं. त्यात मी असा अडकलो म्हणता! दोन हमालांनी पाय धरून ओढलं. तिसरा आला तो फक्त हसायला.

“सेठ, तुम्ही इथं मावत नाही. मंग हा कुठं झोपते?”

“मस्त झोपते, बाई!” मी म्हणालो.

“मी झोपतच नाही जी,” रामदास म्हणाला.

“नापास.”

घरी जाऊन मी लग्नातली गादी उचलली आणि फळी रिकामी करून तिच्यावर टाकली. बायको आठवडाभर बोलली नाही. तेही बाईंचेच उपकार. दुसऱ्या दिवशी बाईंनी रामदासला वर चढवलं, तर गडी खरोखरच घोरायला लागला.

“पास,” बाई कुजबुजल्या. तो उठल्यावर त्याला एवढंच म्हणाल्या, “झोप आली का गाडी बाजूले लावजो. उशीर झाला तर मले सांगजो, सेठले नाही.”

तेव्हापासून माझं घर त्या फळीवर चाललंय. बाई मात्र निवृत्त होऊन नंदनवन वस्तीत राहायला गेल्या. आता फाटकात कोणी ओरडत नाही.

परवा दुपारी बातमी आली, घाटात कंटेनरच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. रामदास तिकडूनच येत होता, आणि फोन उचलेना. त्याची बायको माझ्या टेबलाशी उभी. मी इतके देव बोलावले की ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही. शेवटी फोन उचलला गेला.

“काय झालं जी? घाटाच्या अलीकडं गाडी लावून झोपलो होतो.”

मी भोकाड पसरलं. रडतरडतच बाईंना फोन लावला. “बाई, तुमच्यामुळं वाचला हो! झोपला होता! शंभर फोन केले, तेव्हा कुठं उठला!”

पलीकडे भांडी वाजत होती. ती थांबली.

“मंग झोपल्या माणसाले उठवलं काहून?”