गच्चीवरचं धुळीचं यंत्र

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'नगण्य'. नवीन पनवेलला एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दगडखाणीला परवानगी हवी असली की पर्यावरण व्यवस्थापन आराखडा लागतो. धूळ, आवाज, पाणी, झाडं यांचं खाणवाला काय करणार, ते त्यात लिहायचं. आमचे सर तो इंग्रजीत लिहीत आणि मराठी सारांश माझ्याकडे येई. सरांच्या मते धुळीचा परिणाम नगण्य, आवाजाचा नगण्य, सुरुंगाच्या हादऱ्यांचा तर अगदीच नगण्य. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून मी साताऱ्याहून ऑफिसजवळच्या सुकापूरला राहायला आले, ती बहुधा हा शब्द शुद्ध लिहिण्यासाठीच.

मग सरांनी मला एका खाणीवर हवा मोजायला पाठवलं. पळस्प्याच्या पुढे, गावामागच्या टेकडीवर खाण होती आणि पायथ्याशी खडी फोडणारा क्रशर. मालक त्याच गावचे, साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना शेठ म्हणत, मी काका म्हणायला लागले. क्रशरला सगळ्यात जवळचं घर त्यांचंच, त्यामुळे धूळ मोजायचं यंत्र त्यांच्याच गच्चीवर ठेवायचं ठरलं. लहान कपाटाएवढं ते यंत्र दिवसभर हवा ओढत घरघरतं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ साठते.

मी गेले तेव्हा रस्ता नुकताच पाण्याने धुतलेला. क्रशर बंद.

"पट्टा तुटला मॅडम," काका म्हणाले. "आजच तुटायचा होता."

गच्चीवर काकूंनी जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत घातला होता. त्यांचं माहेर उरणचं, मासळी तिकडून यायची. मी त्या जवळ्याशेजारी यंत्र लावलं आणि फार शास्त्रीय चेहऱ्याने वहीत वाऱ्याची दिशा लिहिली.

प्रयोगशाळेतून आकडे आले तसा सरांनी चष्मा काढला. "अगं, महाबळेश्वरलाही इतकी स्वच्छ हवा नसते. हे कोण मानेल?" सरांना परिणाम नगण्य आवडायचा, पण इतका नाही.

मी काकांना फोन करून वेळ ठरवली आणि पुन्हा गेले. पट्टा पुन्हा तुटलेला. काकू चहा घेऊन गच्चीवर आल्या.

"हा पट्टा फारच कच्चा दिसतोय," मी म्हणाले.

"कच्चा नाय, हुशार हाय," काकू म्हणाल्या. "तुमी यायच्या आदल्या दिवशी तुटतो. तुमी गेल्या की जुळतो."

"मग खरी धूळ मोजायची कधी?"

"मी फोन करीन. खडीची मशीन चालू असली की मी जवळा बाहेर घालत नाय. पिठात घोळल्यासारखा होतो."

"काकांना राग नाही येणार?"

"येईल. पण घर पुसते मी."

पुढच्या मंगळवारी सकाळी फोन आला. "आज जवळा आत हाय," एवढंच बोलून त्यांनी ठेवला. यंत्र जड, ऐनवेळी टेम्पो मिळेना, म्हणून सरांची गाडी घेतली, आणि गाडीबरोबर सरही आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. गच्चीवर उभं राहून त्यांनी तीनदा चष्मा पुसला. समोरचा क्रशर धुरात बसल्यासारखा दिसत होता.

काका धावत वर आले. "मॅडम, आज कशा काय?"

माझ्याआधी काकूच बोलल्या. "मी बोलावलंय. माझ्या गच्चीवर कोणाला बोलवायचं ते पण विचारू का?"

काकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी वाऱ्याच्या दिशेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कागद काढला तो ओल्या सिमेंटच्या रंगाचा. काका चिडतील म्हणून मी तो लपवणार होते, पण त्यांनी हात पुढे केला. कागद त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"ही आमच्या गच्चीवरची?"

"एका दिवसाची."

"माझा खोकला सिगारेटचा हाय असं डॉक्टर बोल्ला."

"तुम्ही ओढता?"

"कधीच सोडली," असं म्हणून ते खोकले. त्यांना चिडवायची छान संधी होती, पण मी कागद पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

त्या आराखड्यात सरांनी पहिल्यांदा 'लक्षणीय' हा शब्द वापरला. बाकीचं आम्ही काकूंच्या जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं. क्रशरला पत्र्याचं आच्छादन आणि पाण्याचे फवारे, ट्रकवर ताडपत्री, घराच्या बाजूने झाडांच्या तीन रांगा. सरांनी गुलमोहर सुचवला. "वाऱ्यात पडतो," काकू म्हणाल्या. "करंज लावा." करंज लिहिला. सुरुंग दुपारी दोनला उडायचे ते एकला आणा, असंही त्यांनी सांगितलं, कारण दोनला त्यांची मालिका लागायची. सरांनी गंभीरपणे लिहिलं, 'स्थानिक रहिवाशांची सोय लक्षात घेऊन'.

फवाऱ्यांच्या मोटरला वीज काकांच्या घरातून घेतली, म्हणून बटण स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, काकूंच्या हाताशी बसलं. त्यामुळे फवारे चालायला लागले. आता दर सहा महिन्यांनी अहवालासाठी मी जाते, न सांगता. कागद अजूनही राखाडीच येतो, पण पहिल्यापेक्षा बराच फिका. करंजांची एक रांग बकऱ्यांनी संपवली, ती पुन्हा लावावी लागली. काकांचा खोकला कमी आहे असं ते म्हणतात. काकू नुसत्या माझ्याकडे बघतात.

मागच्या वर्षी काकांनी शेजारच्या खाणवाल्याकडे आमची शिफारस केली. माझ्यासमोरच फोनवर त्याला म्हणाले, "मॅडम हुशार हायत, काम चोख करतात. फक्त बायकोची आनि त्यांची गाठ पडू देऊ नको."

मी तिथे गेले आणि कागदपत्रं मागितली, तेव्हा कळलं की ती खाण बायकोच्याच नावावर आहे.