ध्येयशिखरचा बहिरा फोन

मल्लिनाथ अप्पाला फोनमधलं सगळं कळतं, हे लातुरात सगळ्यात आधी मल्लिनाथ अप्पानंच सांगितलं होतं. मग चार लोक म्हणायला लागले आणि पुढं ते खरंच धरलं गेलं.

मूळ गडी रेणापूरचा. बापाचं किराणा दुकान होतं, पण अप्पाचं मन गुळाच्या ढेपेत कधी रमलं नाही. त्यानं लातूरला येऊन बसस्टँडसमोर एसटीडीचं बूथ टाकलं आणि थोड्याच महिन्यांत त्र्याण्णवचा भूकंप झाला. त्या दिवसांत लाइन लागणं म्हणजे नशिबाचा खेळ होता. किल्लारीकडून धुळीनं माखून परतलेले मुंबई-पुण्याचे वार्ताहर अप्पाच्या काचेच्या केबिनमध्ये शिरायचे आणि घसा फाडून बातमी सांगायचे. मेलेल्यांचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. अप्पा बाहेर स्टुलावर बसून सगळ्यांचं ऐकायचा आणि एखाद्याचा आकडा फारच खाली वाटला तर काचेवर टकटक करून सांगायचा, मघाचे साहेब जास्त बोलले होते. वार्ताहर मुकाट्यानं दुरुस्ती करायचे. त्याच रांगेत अनवाणी आलेली खेड्यातली माणसंही असायची. त्यांना सोलापूरला नाहीतर भिवंडीला कुणाला तरी काहीतरी कळवायचं असायचं आणि रिसीव्हर हातात आला की शब्द फुटायचा नाही. अप्पा त्यांना आधी आत सोडायचा, वार्ताहर चिडले तरी. पण त्या सगळ्यातून त्यानं स्वतःपुरता एकच अर्थ काढला: आपण नसतो तर भूकंप झालेला दिल्लीला कळलाच नसता.

पुढं मोबाइल आले आणि बूथ बसलं. ज्या लातुरात भूकंपानंतर लोक वर्षभर सिमेंटच्या छताखाली झोपायला भीत होते, त्याच लातुरात डॉक्टर व्हायला आलेली पोरं कोंबायला चार-चार मजले चढले. ट्युशन एरियात चहाच्या टपऱ्यांपेक्षा क्लास जास्त झाले. त्यातल्याच एका क्लासात, 'ध्येयशिखर'मध्ये, अप्पा चिकटला. क्लासचे मालक अंबरीश सर. एकेकाळी फिजिक्स शिकवायचे, पण आता फक्त भाषण करायचे. त्यांनी लातूरचं ऑफिस आणि नांदेडची शाखा जोडायला इंटरनेटवर चालणारी फोनची यंत्रणा घेतली. काळ्या रंगाचा सर्व्हर आला आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खोलीत बसवला गेला. सांभाळणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा अप्पा म्हणाला, त्यात काय, फोनच की. त्यानं सर्व्हरला विभूतीची तीन बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि तो 'सिस्टीम इन्चार्ज' झाला.

यंत्रणा बरी चालली, कारण तिला कुणी हात लावत नव्हतं. प्रवेशाचा हंगाम संपला, फिया जमा झाल्या आणि इंटरनेटवाली माणसं राउटरचा जुना डबा काढून नवा, जास्त वेगाचा डबा बसवायला आली. जाताना त्यांनी विचारलं, तुमच्या फोनच्या सर्व्हरसाठी यात काही वेगळं करायचंय का? अप्पानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, बाकीचं मी बघतो. आणि त्यानं खरंच बघितलं. हिरवे दिवे लुकलुकत होते. तो समाधानानं घरी गेला.

त्या दिवसापासून क्लासच्या फोनला एका कानानं ऐकू येईनासं झालं. ऑफिसातून बोललेलं पालकांना स्वच्छ जायचं, पण पालकांचं बोलणं ऑफिसात पोचायचंच नाही. आता कुणालाही वाटेल, हे पहिल्याच फोनला लक्षात आलं असेल. नाही आलं. फोनवर बसायची ती श्रद्धा नावाची पोरगी. अंबरीश सरांनी तिला बजावलं होतं की पालकांशी वाद घालायचा नाही, मिनिटाच्या आत फोन संपवायचा. काय बोलायचं तेही भिंतीवर चिकटवून दिलं होतं. त्यामुळं हेडफोन कानावर ठेवायची तिची सवय केव्हाच सुटली होती. तो गळ्यात असायचा. दिवा लागला की ती वाचायची: "नमस्कार. आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढची चाचणी रविवारी आहे." मधे अंदाजानं दोनदा "हाव, हाव" म्हणायची आणि ठेवून द्यायची. नांदेडच्या शाखेतही हाच कारभार.

महिनाअखेरच्या बैठकीत अंबरीश सर खूष होते. एकही तक्रार वर आली नव्हती. तंत्रज्ञानानं संवाद कसा सुधारतो यावर ते बराच वेळ बोलले आणि शेवटी शाल-श्रीफळ देऊन त्यांनी अप्पाचा सत्कार केला. अप्पानं नम्रतेनं मान खाली घातली. शाल घेऊन तो त्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारातून लांबच्या वाटेनं घरी गेला. बायको शिवकन्या म्हणाली, "कशाबद्दल म्हणं?" अप्पानं नारळ तिच्या हातात दिला.

मग एका सोमवारी जळकोटहून लक्ष्मम्मा आली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात पिशवी, आणि एसटीत उभ्यानं आल्यामुळं आधीच तापलेली. तिची लेक शांभवी क्लासच्या होस्टेलात होती. होस्टेलात मुलींना मोबाइल ठेवायची बंदी, फक्त रविवारी घरी फोन. दोन रविवार पोरगी सांगत होती, जेवण जाईना, डोळे पिवळे झालेत. म्हणून लक्ष्मम्मा ऑफिसला फोन करून सांगायची, बाई, पोरीला दवाखान्यात न्या. तिकडून उत्तर यायचं, नोंद घेतली आहे. तिला वाटलं, नेलं असेल. शेवटी तिनं विचारलं, कोणत्या दवाखान्यात नेलंत? तर उत्तर आलं, पुढची चाचणी रविवारी आहे. लक्ष्मम्मानं तिथंच फोन ठेवला आणि स्टँड गाठलं.

पोरीला ती होस्टेलातून रिक्षात घालून डॉक्टरकडं घेऊन गेली. कावीळ अंगात चांगली मुरली होती. पोरीला सलाईन लागल्यावर दुपारी लक्ष्मम्मा ऑफिसात आली. श्रद्धा म्हणत होती की असा कुठला फोन आलाच नाही. लक्ष्मम्मानं वाद घातला नाही. अप्पाकडं बघून ती म्हणाली, "तुमचं आम्हाला समदं ऐकू यायलंय अप्पा. आमचंच तुम्हाला न्हाई."

अप्पाला आधी सत्कार आठवला आणि मग तो नवा डबा. तो खाली अंगणात गेला, मोबाइलवरून क्लासचा नंबर लावला आणि म्हणाला, ऑफिसला आग लागलीय, सगळे बाहेर पळा. श्रद्धाच्या गोड आवाजात उत्तर आलं की नोंद घेतली आहे. वर खिडकीत ती शांत बसलेली त्याला दिसत होती.

मग अप्पानं दुरुस्ती काढली. त्यानं सर्व्हर बंद करून चालू केला. धूळ फुंकली. हेडफोन बदलले, वायर बदलली, उदबत्ती लावली, फूल ताजं ठेवलं. काही झालं नाही. अखेर लाज गिळून त्यानं यंत्रणा विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथं आधी एक दाबा, मग चार दाबा, मग बराच वेळ सनई. नंतर एक शांत स्वभावाची बाई आली. तिनं खोदून खोदून विचारलं आणि नव्या डब्याचं तिला कळल्यावर सांगितलं, की तुमचा सर्व्हर बाहेरच्यांना आपला घरातला पत्ता देतोय. उत्तर कुठं पाठवायचं हे त्यांना कळणार कसं? अप्पाला पटलं. गंजगोलाईतल्या दुकानदारानं मुंबईच्या व्यापाऱ्याला 'माल मागच्या खोलीत पाठवा' एवढंच लिहावं, तसं झालं होतं. बाहेरचा खरा पत्ता सर्व्हरात लिहायचा आणि नव्या डब्यात आवाजासाठी वाट मोकळी करायची, इतकंच काम होतं. अप्पानं पत्ता लिहिताना एक आकडा चुकवला आणि नांदेडची शाखा अर्धा दिवस मुकीच झाली. तिथं कुणाला वाटलं, आज सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी बाईनं पुन्हा सगळं वाचून घेतलं आणि जमलं.

जमलं म्हणजे काय, बांधच फुटला. अप्पानं श्रद्धाच्या कानावर हेडफोन बसवला आणि पहिला फोन आला मुखेडच्या एका बापाचा. तो हॅलो सुद्धा म्हणाला नाही. इतक्या दिवसांत त्याला सवयच राहिली नव्हती उत्तर मिळायची, तो नुसता बोलत सुटला: पोराच्या खोलीचा पंखा, डाळीतलं पाणी, केमिस्ट्रीचे सर सोडून गेलेत ते आम्हाला का नाही सांगितलं. "मी ऐकतेय काका," श्रद्धा म्हणाली, तर त्यानं पंख्यापासून पुन्हा सुरुवात केली. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत श्रद्धाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती होस्टेलवर जाऊन आली आणि त्याबद्दल तिला बोलणी बसली.

आठवड्याच्या आत अंबरीश सरांनी अप्पाला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. मग अगदी घरच्यासारखं म्हणाले, "अप्पा, मधे जसं झालं होतं, तसं ठेवता येईल का? सगळं नको. प्रवेशाची चौकशी करणाऱ्याचं नीट ऐकू आलं पाहिजे. फी भरलेल्या पालकांना आपलं ऐकू गेलं म्हणजे पुरे."

अप्पा चहा ढवळत राहिला. गंमत अशी की उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट नेमकी कशी करायची ते पक्कं ठाऊक होतं. एक वाट बंद करायची, बस. चहा संपायच्या आत झालं असतं. पण डोळ्यांपुढून जाईना तो दवाखान्यातला पिवळा चेहरा. अप्पा काल जाऊन पोरीला बघून आला होता.

"न्हाई जमत सर मला," तो म्हणाला.

सरांना हे नवीन होतं. "तुम्हाला तर फोनमधलं सगळं कळतं ना?"

"न्हाई कळत."

यावरून क्रांती वगैरे काही झाली नाही. सरांनी नांदेडहून एक तरुण इंजिनिअर बोलावला. त्यानं सांगितल्याहून सरस काम करून दिलं: आता फी भरलेल्या पालकांचा फोन आला की आधी रेकॉर्ड वाजायचं, आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि मग आवाज कुठंच जायचा नाही. अप्पाची झेरॉक्सच्या मशिनवर बदली झाली. तिथं त्यानं दिवाळीपर्यंत काढली आणि मग रेणापूरला जाऊन मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. श्रद्धा त्याच्याही आधी सोडून गेली. लक्ष्मम्मा लेकीला घेऊन जळकोटला परतली. पोरगी दोन महिन्यांनी उठली आणि पुढं उदगीरच्या कॉलेजात गेली. पण दहावीला तिला टक्के चांगले होते, म्हणून ध्येयशिखरच्या फलकावर 'आमचे गुणवंत' मध्ये तिचा फोटो हसत राहिला तो राहिलाच.

रेणापुरात अप्पा गिऱ्हाइकांना सांगतो की अंबरीश सर आपल्याला सोडायलाच तयार नव्हते, पाया पडायचे बाकी राहिले होते. 'मला जमत नाही' हे आपण म्हणालो होतो, याची त्याला अजून लाज वाटते, ते तो घराबाहेर चुकूनही काढत नाही. दुपारी तो जेवायला गेला की गल्ल्यावर शिवकन्या बसते. कुणी फोनवाल्या अप्पाबद्दल विचारलं की ती म्हणते, "काय सांगू. जमत होतं, तरी न्हाई म्हणला." आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलची काच पदरानं पुसून देते.