संदर्भ नसलेल्या नोट्स

मागच्या सोमवारी दिग्रसच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरणाच्या सरांनी अकरावीच्या एका मुलीला प्रकल्पात शून्य गुण दिले. विषय होता ‘आमच्या गावची पिकं’. मजकूर इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवलेला होता.

स्टाफरूममध्ये सरांचं टेबल माझ्या टेबलाशेजारी आहे. वाचताना ते चष्मा कपाळावर चढवतात. आवाज मात्र कधीच चढवत नाहीत.

“तुह्या वावरात बर्फ कधी पडते वं माय?”

“नेटवर होतं, सर.”

“मंग तसं खाली लिवाचं. दुसऱ्याचं घेतलं, तं त्याचं नाव टाकाचं.”

मुलीने दप्तरातून सरांच्याच नोट्स काढल्या. दरवर्षी वर्गात त्यांच्याच झेरॉक्स वाटल्या जातात.

“याच्यात तं कोनाचंच नाव नाही, सर.”

सरांनी पानं उलटून पाहिली. “बरोबर हाय. आपण दोघंही पुन्हा लिवू. शुक्रवारी आण.”

शुक्रवारी मुलीने नवा प्रकल्प दिला. सरांनी वर्गात नव्या नोट्स वाटल्या. शेवटी पुस्तकांची आणि संकेतस्थळांची यादी होती. चौथ्या पानावर एवढंच लिहिलं होतं : ‘इथला मजकूर कुठून घेतला ते आठवत नाही, म्हणून काढला आहे.’